राखीव प्रत आणि खंडणीखोर : संगणकातील माहितीच्या रक्षणाचा एक धडा

अमुक दिवशी अमुक वाजता नदीचे पाणी किती चढले होते, हा आकडा जगात एकदाच मिळतो. प्रयोगशाळेतील प्रयोग बिघडला तर आपण तो दुसऱ्या दिवशी पुन्हा करतो. वहीचे पान फाटले तर मित्राच्या वहीवरून उतरवून घेतो. वाहून गेलेल्या पाण्याची उंची मात्र मागाहून मोजता येत नाही. म्हणून संगणकातील माहितीचे रक्षण हा विषय वर्गात शिकवताना मी बँकेचे किंवा मोठ्या कारखान्याचे उदाहरण आधी घेत नाही. आपल्या परिसरातील नद्यांचे घेतो.

प्रस्तुत लेखाचा विषय राखीव प्रत हा आहे. रोजच्या बोलण्यात आपण तिला बॅकअप म्हणतो. ही प्रत कोणापासून वाचवावयाची, कशी वाचवावयाची आणि त्यास खर्च किती येतो, ह्याचा विचार येथे करावयाचा आहे. संगणकशास्त्र हा ज्यांचा विषय नाही अशा विद्यार्थ्यांनाही तो समजावा, अशा बेताने मी लिहिले आहे.

नद्या आणि त्यांचे आकडे

आपल्या महाविद्यालयात खानापूर, चंदगड, दोडामार्ग, पेडणे, डिचोली अशा तालुक्यांतून मुले येतात. ह्या तालुक्यांमधून राज्यांच्या सीमा गेल्या आहेत. पण नद्यांनी त्यांना एकत्र बांधून ठेवले आहे. म्हादई खानापूर तालुक्यात उगम पावते आणि सत्तरीतून खाली जाऊन मांडवी होते. तिळारीचे धरण दोडामार्ग तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात आहे. पण तीच नदी खाली गोव्यात शापोरा ह्या नावाने समुद्राला मिळते. डिचोली तालुक्यात साखळीची वाळवंटी आणि खुद्द डिचोलीची नदी, ह्या दोन्हींचे पाणी पावसाळ्यात बाजारपेठेच्या दिशेने केव्हा वळेल ह्याकडे तेथील दुकानदारांचे लक्ष असते.

ऑगस्ट २०१९ मध्ये तिळारीचे पाणी खाली आले तेव्हा डिचोली तालुक्यातील साळ आणि पेडणे तालुक्यातील इब्रामपूर, हणखणे, चांदेल ह्या गावांना त्याचा तडाखा बसला. २३ जुलै २०२१ रोजी पुन्हा मोठा पूर आला. तो १९८२ नंतरचा सर्वांत वाईट पूर होय, असे मुख्यमंत्री प्रमोद सावंत ह्यांनी त्या वेळी सांगितले.

ह्या एका वाक्याकडे विद्यार्थ्यांनी लक्ष द्यावे. १९८२ शी तुलना कोण करू शकतो? ज्याच्याजवळ १९८२ ची आठवण किंवा नोंद आहे तोच. माझे मूळ घर डिचोली तालुक्यात आहे. तेथील वृद्ध माणसे भिंतीवर हात ठेवून जुन्या पुराचे पाणी कोठवर आले होते ते दाखवतात. त्यांचा हात बहुधा बरोबर जागी पडतो. पण धरणाचे दरवाजे किती तास आधी उघडावेत, पुलाचा कठडा किती उंच घ्यावा, नव्या घराचे जोते कोठवर उचलावे, हे ठरवण्यास तेवढे पुरत नाही. त्यासाठी वर्षानुवर्षांचे, तासातासाचे आकडे लागतात.

पणजीतील घटना

असे आकडे गोळा करण्यासाठी गोव्याच्या जलसंपदा खात्याने राज्यातील मुख्य नद्यांवर १५ ठिकाणी पूरनिरीक्षणाची यंत्रणा बसवली होती. तेथून येणारी माहिती पणजी येथील सर्व्हरमध्ये साठत असे. देखभालीचे काम हैदराबादच्या एका कंपनीकडे होते. २१ जून २०२२ रोजी, म्हणजे पावसाळा नुकता सुरू झालेला असताना, ह्या सर्व्हरवर रॅन्समवेअरचा हल्ला झाला. रॅन्सम म्हणजे खंडणी. माहितीला कुलूप घालून ते उघडण्यासाठी खंडणी मागणारा प्रोग्रॅम तो रॅन्समवेअर. सर्व्हरमधील फायलींच्या नावांना ‘ईकिंग’ असे शेपूट लागले, त्या उघडेनाशा झाल्या, आणि माहिती परत हवी असल्यास बिटकॉइनमध्ये पैसे भरावेत अशी सूचना पडद्यावर आली. खात्याने पोलिसांच्या सायबर गुन्हे शाखेकडे तक्रार दिली.

वृत्तपत्रांत ह्या तक्रारीचा जो वृत्तांत आला त्यात तीन गोष्टी नमूद होत्या. सर्व्हर चोवीस तास इंटरनेटच्या लाइनीवर होता. त्याला अँटिव्हायरसचे संरक्षण नव्हते. आणि फायरवॉल, म्हणजे बाहेरच्या जाळ्यातून येणारी वाहतूक अडवणारी भिंत, जुनी झालेली होती. ह्यांखेरीज आणखी एक वाक्य होते : जुन्या माहितीची राखीव प्रत घेणे शक्य झाले नाही.

पहिल्या तीन गोष्टींवरून चोर आत कसा येऊ शकला ह्याची कल्पना येते. हानी किती झाली हे मात्र चौथ्या वाक्यावर ठरते. चोर आत आला आणि राखीव प्रत शाबूत असली, तर चार दिवसांची धावपळ होते. चोर आत आला आणि प्रत नसली, तर नदीचा इतिहास परक्याच्या हाती जातो. म्हणून पुढील सर्व विवेचन त्या चौथ्या वाक्यासंबंधी आहे.

कुलूप कसे लागते

फायलीला लागणारे हे कुलूप तोडता का येत नाही, असा प्रश्न विद्यार्थी नेहमी विचारतात. त्याचे उत्तर थोडे इतिहासात आहे.

पहिले ज्ञात रॅन्समवेअर १९८९ साली निघाले. जोसेफ पॉप नावाच्या एका अमेरिकन जीवशास्त्रज्ञाने सुमारे २०,००० फ्लॉपी टपालाने पाठवल्या. एड्स रोगासंबंधी माहिती म्हणून लोकांनी त्या संगणकात घातल्या. काही काळाने संगणकातील फायलींची नावे उलटसुलट झाली आणि पनामा येथील टपालपेटीवर १८९ डॉलर पाठवावेत अशी मागणी पडद्यावर आली. ह्या कुलपाची किल्ली त्या प्रोग्रॅममध्येच दडलेली होती. जाणकारांनी ती शोधून काढली आणि फायली सोडवल्या.

१९९६ साली ॲडम यंग आणि मोटी युंग ह्या दोन संशोधकांनी दाखवून दिले की, किल्ली अशी आत न ठेवताही कुलूप घालता येईल. आजचे खंडणीखोर तीच रीत वापरतात. रस्त्यावरील टपालपेटी डोळ्यांसमोर आणा. तिच्या फटीतून पत्र कोणीही आत टाकू शकतो. बाहेर काढण्याची किल्ली फक्त टपालखात्याच्या माणसाजवळ असते. रॅन्समवेअर प्रत्येक फायलीसाठी एक आकडी किल्ली तयार करते, तिने फाइल बंद करते, आणि ती किल्लीच अशा एका टपालपेटीत टाकून देते. पेटीची किल्ली हजारो मैलांवर चोराच्या घरी असते. २५६ बिटांची आकडी किल्ली अंदाजाने शोधावयाची म्हटली तर जितके पर्याय तपासावे लागतील ती संख्या ७८ आकडी आहे. जगातील सगळे संगणक कामाला लावले तरी ते शक्य नाही. सारांश, कुलूप तोडण्याच्या आशेवर राहू नये. दुसरी, शाबूत प्रत जवळ असणे हाच खात्रीचा उपाय होय.

चोर आधी प्रतीकडे का वळतो

ही गोष्ट खंडणीखोरही जाणून आहेत. ज्याच्यापाशी चांगली प्रत आहे तो खंडणी देणार नाही. मग प्रत आधी नष्ट करावी हे ओघानेच आले.

‘ईकिंग’ हे फोबोस नावाच्या रॅन्समवेअरच्या कुळातील एक रूप आहे. ह्या कुळाची कार्यपद्धती आता चांगली माहीत झाली आहे. दूर बसून दुसऱ्याचा संगणक चालवण्याची जी सोय विंडोजमध्ये असते, तिचा दरवाजा इंटरनेटवर उघडा राहिला की हे लोक परवल्यांचे शब्द एकामागून एक लावून पाहतात आणि आत शिरतात. विंडोज स्वतःहून फायलींच्या जुन्या अवस्थेची एक छाया-प्रत त्याच डिस्कवर ठेवत असते. फोबोस ती छाया-प्रत पुसून टाकते, विंडोजच्या बॅकअपची सूची पुसते, आणि बिघाडानंतर संगणकाने स्वतःला दुरुस्त करण्याची सोयही बंद करते. ह्यासाठी त्याला खास हत्यारे लागत नाहीत. संगणकाच्या मालकासाठी म्हणून विंडोजमध्ये ज्या आज्ञा दिलेल्या आहेत, त्याच ते मालकाच्या नावाने देते.

ह्यातून मुख्य सूत्र निघते. मूळ माहितीपर्यंत पोहोचणारा हात ज्या प्रतीपर्यंत पोहोचू शकतो, ती प्रत संकटात कामाची नाही. त्याच डिस्कवरील दुसरा फोल्डर, संगणकाला कायम टोचून ठेवलेली बाहेरची डिस्क, कार्यालयातील जाळ्यावर सर्वांना उघडा असलेला सामाईक फोल्डर, ह्या सर्व प्रती दिसतात खऱ्या. पण कुलूप लागते तेव्हा त्यांनाही त्याच मिनिटाला लागते. मोबाइलमधील किंवा गूगलसारख्या कंपनीच्या भांडारातील फोल्डर आपल्या संगणकाशी आपोआप जुळवून घेत असेल, तर इकडची बिघडलेली फाइल तिकडेही बिघडलेलीच पोहोचते. तेथे जुन्या आवृत्त्या काही दिवस राखल्या जातात म्हणून कधी बचाव होतो. पण ज्याच्या हाती आपला परवलीचा शब्द गेला तो त्या आवृत्त्याही पुसू शकतो.

दोन बोलकी उदाहरणे

पणजीच्या घटनेनंतर पाच महिन्यांनी, २३ नोव्हेंबर २०२२ रोजी, दिल्लीच्या एम्स रुग्णालयावर असाच हल्ला झाला. सरकारने संसदेत दिलेल्या माहितीनुसार ५ सर्व्हर बाधित झाले आणि सुमारे १.३ टेराबाइट माहितीला कुलूप लागले. रुग्णांची नोंदणी, दाखल करून घेणे, तपासण्यांचे अहवाल ही कामे हाताने करावी लागली. पण एक राखीव सर्व्हर बाधित झाला नव्हता. त्याच्यावरून रुग्णालयाच्या प्रणालीतील माहिती नव्या सर्व्हरांवर चढवण्यात आली आणि सुमारे दोन आठवड्यांनी बहुतेक कामे पूर्ववत झाली. जाळ्याचे वेगवेगळे भाग एकमेकांपासून नीट तोडलेले नव्हते, हे हल्ल्याचे कारण सांगण्यात आले. एवढी मोठी उणीव असूनही एका शाबूत प्रतीने रुग्णालय सावरले.

दुसरे उदाहरण २७ जून २०१७ चे. नॉटपेट्या नावाचा प्रोग्रॅम त्या दिवशी युक्रेनमधून जगभर पसरला. तो रॅन्समवेअरचे सोंग घेऊन आला होता. वस्तुतः माहिती नष्ट करणे हेच त्याचे काम होते. डेन्मार्कच्या मर्स्क ह्या जहाज कंपनीला त्याचा फटका बसला आणि नवी मुंबईजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरात त्या कंपनीकडे असलेल्या धक्क्याचे कामही अडले. मर्स्कच्या जाळ्यातील कोण कोणत्या संगणकात जाऊ शकतो ह्याची मुख्य नोंदवही सुमारे १५० सर्व्हरांवर ठेवलेली होती, आणि हे सर्व सर्व्हर एकमेकांची नक्कल करत असत. एक गेला तर १४९ आहेतच, असा विश्वास होता. सगळे एकदम जातील हे कोणी धरले नव्हते, आणि तेच घडले. फक्त आफ्रिकेतील घाना येथील एक सर्व्हर वाचला, कारण त्या वेळी तेथील वीज गेली होती. त्याची डिस्क माणसाच्या हाती देऊन विमानाने इंग्लंडला नेली गेली. त्यानंतर कंपनीने दहा दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभे केले.

दीडशे जोडलेल्या प्रतींनी जे साधले नाही ते एका तुटलेल्या प्रतीने साधले. घानात हे योगायोगाने झाले. आपण ते ठरवून करावयाचे आहे.

तीन, दोन, एक

राखीव प्रतींचा एक सोपा नियम जगभर मान्य आहे. तो पीटर क्रोग ह्या छायाचित्रकाराने प्रचारात आणला. माहितीच्या एकूण तीन प्रती असाव्यात; त्या निदान दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात; आणि त्यांपैकी एक दुसऱ्या ठिकाणी असावी. रॅन्समवेअरचा उपद्रव वाढल्यावर ह्यात आणखी एका अटीची भर पडली : निदान एक प्रत जाळ्यापासून पूर्ण तोडलेली, किंवा लिहिल्यावर बदलता न येणारी असावी.

ह्या नियमामागील विचार गोव्यात नवा नाही. पोर्तुगीज काळात गोव्याहून लिस्बनला जाणारे महत्त्वाचे पत्र एकाच जहाजावर सोपवत नसत. त्याच्या दोन-तीन प्रती करून वेगवेगळ्या जहाजांतून पाठवत आणि प्रतीवर पहिली, दुसरी असा उल्लेख करत. एक जहाज वादळात सापडले किंवा शत्रूच्या हाती गेले तरी दुसरे पोहोचावे, हा हेतू. दोन्ही प्रती एकाच जहाजात ठेवल्या असत्या तर त्या दोन असूनही एकच ठरल्या असत्या. डिस्कच्या बाबतीत हेच लक्षात ठेवावे.

दुसरे ठिकाण म्हणजे दुसरी खोली असे समजू नये. साखळीच्या बाजारपेठेत किंवा नदीकाठच्या कोणत्याही गावी तळमजल्यावरील संगणक आणि त्याच तळमजल्यावरील कपाट एकाच पाण्यात बुडतात. वीज कोसळली तर एकाच मीटरवरील सगळी यंत्रे जळतात. चोर, आग, पूर, वीज आणि खंडणीखोर ह्या पाचांपैकी प्रत्येकाचे नाव घेऊन स्वतःस विचारावे : हा आला तर माझी कोणती प्रत उरेल? पाचही वेळा उत्तर मिळाले पाहिजे.

लिहिल्यावर बदलता न येणाऱ्या प्रतीचे सर्वांत साधे उदाहरण म्हणजे एकदाच लिहिता येणारी सीडी किंवा डीव्हीडी. परंतु आपल्याकडील दमट हवेत तिच्यावर बुरशी धरते, म्हणून केवळ तिच्यावर विसंबू नये. मोठ्या संस्थांसाठी ठराविक मुदतीपर्यंत मालकालाही पुसता येणार नाही, असे कुलूप लावलेले भांडार भाड्याने मिळते. लहान संस्थेस दोन बाहेरच्या डिस्क आलटून-पालटून वापरणे पुरेसे आहे. एक जोडलेली असताना दुसरी घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुडीसह, दुसऱ्या इमारतीत असावी. मी स्वतः विभागाच्या गुणपत्रकांसाठी हीच रीत ठेवली आहे. शनिवारी डिस्क बदलणे हे काम शिपाईमामांना एकदा दाखवले ते त्यांना कायमचे जमले.

जेथे प्रत आपोआप घ्यावयाची असते तेथे आणखी एक काळजी घ्यावी. मूळ सर्व्हरने प्रत राखीव संगणकाकडे ढकलू नये. राखीव संगणकाने येऊन ती उचलून न्यावी. पहिल्या रीतीत राखीव संगणकाची किल्ली मूळ सर्व्हरवर ठेवावी लागते आणि चोराला ती तेथे आयती सापडते. दुसऱ्या रीतीत मूळ सर्व्हरला राखीव संगणकात जाण्याची वाटच नसते. राखीव संगणकाचे खाते आणि परवलीचा शब्द अर्थातच वेगळे असावेत.

प्रतींच्या पिढ्या

एकच राखीव प्रत ठेवून तिच्यावर रोज नवी प्रत चढवणे, ही सर्रास आढळणारी पद्धत धोक्याची आहे. समजा, रात्री बाराला फायलींना कुलूप लागले आणि नेहमीप्रमाणे दोनला आपोआप प्रत घेतली गेली. आता राखीव डिस्कवरही कुलूपबंद फायलीच आल्या आणि कालची चांगली प्रत आपल्याच हातांनी पुसली गेली. शिवाय खंडणीखोर आत शिरल्याबरोबर कुलूप घालतो असे नाही. कित्येकदा तो काही दिवस, काही आठवडे गुपचूप राहतो.

ह्यावर चुंबकीय फितीच्या काळापासून चालत आलेला उपाय म्हणजे आजोबा, बाप आणि मुलगा ही योजना. सोमवार ते शनिवार रोजची एक अशा ६ प्रती, आठवड्याच्या ४ आणि महिन्याच्या १२, अशा एकूण २२ प्रती फिरत्या ठेवावयाच्या. मुलगा बिघडला तर बाप, बाप बिघडला तर आजोबा. कोणत्याही दिवशी वर्षभर मागे जाता येते.

हिशेब

एवढ्या प्रती ठेवणे परवडते काय? करून पाहू. समजा, १५ केंद्रांपैकी प्रत्येक केंद्र दर १५ मिनिटांनी एक नोंद पाठवते. एका केंद्राच्या दिवसाला ९६ नोंदी, म्हणजे १५ केंद्रांच्या १,४४०. आणि वर्षाला ५,२५,६००. एका नोंदीला १०० अक्षरे धरली तर वर्षाची माहिती सुमारे सव्वापाच कोटी अक्षरे, म्हणजे जवळपास ५३ मेगाबाइट झाली. वीस वर्षांच्या नोंदी एका गिगाबाइटच्या आसपास येतात. २२ प्रती ठेवल्या तरी ही सगळी माहिती विद्यार्थ्यांच्या खिशातील ३२ गिगाबाइटच्या पेनड्राइव्हवर मावते.

ह्या हिशेबातील आकडे मी उदाहरणासाठी धरलेले आहेत. पण निष्कर्ष सहसा बदलणार नाही. ग्रामपंचायतीची घरपट्टी, दूध संस्थेची खाती, विकास सोसायटीचे कर्जवाटप, महाविद्यालयाची परीक्षा, ह्या सर्वांची मोलाची माहिती आकाराने लहानच असते. तिचे रक्षण अडते ते बहुधा पैशांवाचून नाही. ते कोणाचे काम आहे हे लिहून ठेवलेले नसते, म्हणून अडते. देखभाल कंपनीला वाटते की कार्यालय प्रत घेत असेल. कार्यालयाला वाटते की ते कंपनीच्या करारात असेल. म्हणून प्रत घेणाऱ्या व्यक्तीचे पद, वार आणि डिस्कची जागा हे तीन तपशील कागदावर लिहून भिंतीला लावावेत.

मोठ्या माहितीस मात्र वेळेचाही हिशेब लागतो. एम्समधील १.३ टेराबाइट माहिती सेकंदाला १०० मेगाबिटच्या लाइनीवरून परत आणावयाची म्हटली तर अखंड २९ तास लागतील. म्हणून योजना आखतानाच दोन प्रश्नांची उत्तरे ठरवावीत : किती तासांची माहिती गेली तर चालेल, आणि किती तास काम बंद राहिले तर चालेल? पुराच्या दिवसांत नदीच्या केंद्रासाठी दोन्ही उत्तरे फार लहान असतात.

परत उभे करून पाहणे

राखीव प्रत घेतली एवढ्याने काम संपत नाही. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब ह्या कंपनीतील एका अभियंत्याने थकल्या अवस्थेत चुकीच्या सर्व्हरवरील माहिती पुसली. कंपनीजवळ राखीव प्रतीच्या पाच निरनिराळ्या व्यवस्था होत्या. गरज पडली तेव्हा त्यांतील एकही नीट चालत नव्हती असे आढळले. सहा तास आधी दुसऱ्याच कामासाठी हाताने घेतलेली एक प्रत सापडली म्हणून बाकीचे वाचले. येथे खंडणीखोर नव्हता, विषाणू नव्हता. माणसाचा हात आणि न तपासलेली व्यवस्था एवढेच होते.

म्हणून दर तीन महिन्यांनी एक दिवस नेमावा. एखादा रिकामा संगणक घ्यावा, राखीव डिस्कवरून माहिती त्यावर चढवावी, आणि दोन-चार नोंदी कागदावरील नोंदींशी ताडून पाहाव्यात. किती वेळ लागला तो लिहून ठेवावा. अग्निशामक दलाच्या सरावाइतकेच हे आवश्यक आहे.

राखीव प्रतीची एक मर्यादाही येथे सांगितली पाहिजे. २०१९ च्या अखेरीपासून खंडणीखोरांच्या टोळ्या कुलूप घालण्यापूर्वी माहिती चोरून नेऊ लागल्या, आणि पैसे न दिल्यास ती जगजाहीर करू अशी धमकी देऊ लागल्या. नदीची पातळी जाहीर झाली तर बिघडत नाही. रुग्णांचे आजार किंवा विद्यार्थ्यांचे पत्ते जाहीर झाले तर बिघडते. ह्यावर राखीव प्रत हा उपाय नाही. त्यासाठी अशी माहिती मुळातच कमी साठवावी, आणि साठवावी लागली तर प्रतींसह ती आपणच कुलूपबंद ठेवावी. ती किल्ली मात्र डिस्कच्या डब्यात ठेवू नये.

हल्ला झालाच तर

पहिल्या तासात काय करावे हे आधी ठाऊक असणे महत्त्वाचे आहे.

१. बाधित संगणकाची जाळ्याची वायर काढावी, वायफाय बंद करावे. इतर संगणकही तोडावेत.

२. राखीव डिस्क घाईने त्या संगणकाला जोडू नये. भीतीपोटी माणूस नेमके हेच करतो आणि उरलेली प्रतही गमावतो.

३. पडद्यावरील खंडणीच्या चिठ्ठीचे छायाचित्र घ्यावे. फायलींना लागलेले शेपूट लिहून घ्यावे.

४. पोलिसांच्या सायबर शाखेकडे तक्रार द्यावी. केंद्र सरकारच्या सर्ट-इन ह्या संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार अशी घटना लक्षात आल्यापासून सहा तासांच्या आत तिला कळवणे संस्थांवर बंधनकारक आहे.

५. पैसे देण्याची घाई करू नये. पैसे घेऊन किल्ली मिळेलच ह्याची हमी नसते, आणि त्या पैशांवर पुढचा हल्ला उभा राहतो.

६. संगणक पूर्ण पुसून, विंडोज नव्याने चढवून, सर्व परवलीचे शब्द बदलून मगच राखीव प्रतीवरून माहिती आणावी. माहिती आणावी, जुने प्रोग्रॅम आणू नयेत.

७. कुलूप लागलेली डिस्क फेकू नये. जुलै २०२५ मध्ये जपानच्या पोलिसांनी फोबोस कुळाच्या काही रूपांचे कुलूप उघडणारे साधन विनामूल्य प्रसिद्ध केले. त्यापूर्वी नोव्हेंबर २०२४ मध्ये ह्या टोळीचा सूत्रधार असल्याच्या आरोपावरून एका रशियन इसमावर अमेरिकेत खटला भरण्यात आला होता. कुलूप उघडण्यास कधी वर्षे लागतात; ज्याने डिस्क जपून ठेवली असेल त्यालाच त्या दिवशी त्याचा उपयोग होतो.

समारोप

वर सांगितलेल्या उपायांत अवघड असे काही नाही. तीन प्रती, त्यांतील एक तोडलेली; जुन्या पिढ्या राखलेल्या; जबाबदार व्यक्तीचे पद कागदावर; आणि तिमाहीतून एकदा प्रत्यक्ष चाचणी. विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्यांना माझी सूचना अशी की, सुट्टीत गावी जाल तेव्हा आपल्या ग्रामपंचायतीत किंवा दूध संस्थेत जाऊन चिटणीसांना एवढेच विचारावे : ‘मामा, हा संगणक उद्या सुरूच झाला नाही, तर नोंदी कोठून काढाल?’ उत्तर पटण्यासारखे नसेल तर एक डिस्क आणि एक दुपार एवढ्यात ते बदलता येईल. कन्नड विभागाच्या वाचकांपर्यंतही हा मजकूर पोहोचावा म्हणून त्या विभागाच्या विद्यार्थी-संपादकांनी त्याचे कन्नड टाचण करावे, अशी माझी त्यांना विनंती आहे. म्हादईच्या वरच्या अंगाची गावे त्यांचीही आहेत.

पेडणे-डिचोलीत पुन्हा पूर येईल तेव्हा तो आजवरच्या कोणत्या पुराएवढा आहे, असे कोणीतरी विचारील. त्या वेळी तुलनेसाठी लागणारे आकडे कोठे ठेवले आहेत आणि ते किती वेळात वाचता येतील, हे आज कोरड्या दिवसांत तपासून ठेवता येते.